चार्ज अपूर्ण

आमच्या सूनबाईला राग आला की ती लिहायला बसते. मला राग आला की मी भांडी घासायला घेते, आणि मग शेजारच्या तीन घरांना कळतं की आज इथे काहीतरी बिनसलंय. माझ्या मुलाला राग येतच नाही, त्याला भूक लागते. पण ही बाई कपाटातून पेन काढते, टोपण मागे लावते आणि कोऱ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालते. तारीख पडली की समजायचं, आता कोणाची तरी धडगत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने पाण्याच्या टाकीवरून घरमालकाला असं काही पत्र लिहिलं, की तो गृहस्थ स्वतः शिडी लावून टाकी घासायला चढला.

उंचीला पाच फुटांना इंचभर कमी. चालते मात्र अशी की समोरचा उंच माणूसच बाजूला होतो. ती नर्स आहे, मोठ्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात. छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं असतं, ते घरी आल्यावरही काढायला विसरते आणि मग समोर बसलेल्या माणसाचे श्वास मोजते. मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले, तर ही माझ्याकडे टक लावून बघतेय. मी मनात म्हटलं, अगं बाई, सासूला निरखतेय. तर कप हातात घेऊन म्हणते कशी, "काकू, बसल्याजागी तुमचे मिनिटाला चोवीस श्वास आहेत. असं किती दिवसांपासून होतंय?" दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे नेलं. त्या गोळ्यांवर मी आज उभी आहे. तेव्हा तिच्याबद्दल मी जे काही सांगेन त्यात पक्षपात असणारच, तो आधीच कबूल करते.

तिच्या वॉर्डात बाळं काचेच्या पेट्यांत असतात. काही तर एवढीशी, की एका ओंजळीत मावावीत आणि वर जागा उरावी. ड्युटी बदलताना बाकीच्या सिस्टर वहीत बघून एकमेकींना सांगतात, अमक्या पेटीत अमकं वजन, तमकं औषध. ही मात्र प्रत्येक पेटीत हात घालून, बाळाच्या पायाला बोट लावूनच पुढच्या सिस्टरला सांगते. तिचं म्हणणं, वही दोन तास शिळी असते, पाय आत्ताचा असतो.

मग तिचं स्वतःचं बाळ झालं. मुलगी. पूर्ण दिवसांची, धडधाकट, आणि आवाज असा की आम्ही तिचं नाव मुकादम ठेवलं. कागदावर दुसरं आहे, पण ते कागदालाच माहीत. मुकादम हातपाय आपटून सगळ्या घराकडून कामं करून घेते आणि झोपली की मगच आम्हाला सुट्टी मिळते. पाच महिन्यांनी सूनबाईची रजा संपली आणि प्रश्न आला दुधाचा. तिने कागद घेतला, तारीख घातली आणि वेळापत्रक आखलं. ड्युटी आठ ते चार. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती तिथेच दूध काढून ठेवणार, ते संध्याकाळी घरी येणार. बाराला मी मुकादमला घेऊन बसने इस्पितळात जायचं, म्हणजे ती अंगावर पाजेल. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. मुलाने विचारलं, "आणि मी?" ती म्हणाली, "तू बाटल्या उकळायच्या." तो उकळतो हो. झाकणं हरवतो, पण उकळतो.

वॉर्डाच्या टोकाला चादरींची खोली आहे. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर घडीच्या चादरी, एक खिडकी आणि एक खुर्ची. दाराला बाहेरून कडी, आतून काहीच नाही, कारण चादरींना आतून कडी लावायची गरज कधी पडलेली नव्हती. म्हणून मी दाराबाहेर स्टूल घेऊन, दाराला पाठ लावून बसायचे. पहिल्याच आठवड्यात एकदा मुकादमला आत देऊन मी बसले होते, तर समोर बाकावर एक आई रडत होती. तिचं बाळ चार नंबरच्या पेटीत होतं, आणि तिला दूध येत नव्हतं. आतून सूनबाईने विचारलं, "आई, बाहेर कोण रडतंय? आत पाठवा तिला." ती पोरगी संकोचत आत गेली. दार लागताना मला एवढंच ऐकू आलं, "बस इथे. मला तरी कुठे लगेच येतं? बघ, असा हात धर."

दुसऱ्या दिवशी चौघी होत्या. आठवड्याभरात खोलीत खुर्च्या मावेनात, तर चादरींचे गठ्ठे खाली घालून बसायला लागल्या. नऊ, बारा, तीन. त्या तीन वेळांना तिसऱ्या मजल्यावरच्या आया आपापल्या छोट्या बाटल्या घेऊन निघायच्या, शाळेची घंटा झाल्यासारख्या. आतून कधी हुंदके यायचे, पण जास्त करून हसणं यायचं. कोणाची सासू काय म्हणाली, कोणाच्या नवऱ्याने बाळाला पेटीत बघून काय विचारलं. सासवांवर फार चालायचं. मी बाहेर बसून सगळं ऐकायचे आणि लेकी बोले सुने लागे याचा उलटा अनुभव घ्यायचे.

आता माझ्या चुकीकडे येते. ती टाळून ही गोष्ट सांगता येत नाही.

त्या इस्पितळाचा मॅनेजर भारी गोड माणूस. कडक इस्त्री, हळू आवाज, आणि तोंडात एकच शब्द, सोय. पेशंटची सोय, नातेवाइकांची सोय, स्टाफची सोय. एकदा मी मुकादमला कडेवर घेऊन जिना चढत होते, लिफ्ट बंद होती, तर हा वरून आला आणि थांबला. "काकू, रोज येता? फारच त्रास होतो तुम्हाला." माझ्याशी त्या इस्पितळात इतकं प्रेमाने कोणी बोललं नव्हतं. मी विरघळले. म्हटलं, "त्रास माझा नाही हो. सून दमते. घरी येते तेव्हा पाय सुजलेले असतात. हिला बसायचं काही काम मिळालं असतं तर बरं झालं असतं." तो म्हणाला, "बघतो ना काकू. सोय करू काहीतरी." मी खूश. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. घरी येऊन कोणाला सांगितलंसुद्धा नाही, म्हटलं, झालं तर आश्चर्य वाटेल हिला.

आश्चर्य पंधरा दिवसांनी आलं, पाकिटातून. संध्याकाळची वेळ, मी भाजी चिरत होते, मुलगा बाटल्या उकळत होता. सूनबाईने बूट न काढताच कागद मोठ्याने वाचला. येत्या एक तारखेपासून तिची बदली तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीवर. तिथे काचेमागे बसून लोकांना सांगायचं, एक्स-रे उजवीकडे, रक्त डावीकडे. वॉर्डचा चार्ज देऊन खिडकीवर रुजू व्हावे. खाली कारण, 'कौटुंबिक विनंती विचारात घेऊन'.

मुलगा म्हणाला, "बरंच झालं की गं. दहा ते पाच, बसून काम. पायांना आराम."

"तेरा वर्षं," ती म्हणाली. "तेरा वर्षं मी दोऱ्याएवढ्या शिरा शोधतेय. आता एक्स-रे कुठे ते सांगू? त्यासाठी भिंतीवर बाण काढला तरी पुरतं." मग तिने कागद पुन्हा वाचला. "कौटुंबिक विनंती. कोणी केली विनंती? तू केलीस?"

"मी? मी कधी तिकडे गेलोय?" मुलगा खरंच बावरला. त्याला खोटं बोलता येत नाही, तेवढी बुद्धी लागते.

मी खाली मान घालून चिरत होते. तिने नजर माझ्याकडे वळवली. मग शांतपणे म्हणाली, "आई, तुमचा श्वास वाढलाय."

तिच्यापुढे काय लपणार होतं? मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, जिना, लिफ्ट, काकू, सोय, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. ती म्हणाली, "आई, माझे पाय दुखत होते. मी तुमच्याकडे गरम पाणी मागितलं असतं. बदली नव्हती मागितली."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त मुकादमबद्दल बोलली. झोपली का, प्यायली का, शी झाली का. मी चारही दिवस भांडी घासली, स्वच्छ असलेली सुद्धा. मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते तिसऱ्या दिवशी वर आलं. लग्नाआधी आणि नंतरही मी छापखान्यात होते, पुस्तकबांधणीत. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायचे. माझी घडी केसभर हलत नसे, फोरमन नव्या मुलींना माझ्या शेजारी बसवायचा. मुलगा पोटात असताना एकदा चक्कर आली, तर आमच्या यांनी परस्पर छापखान्यात जाऊन सांगितलं की आता ती येणार नाही. घरी येऊन म्हणाले, कळवून आलोय, तुझी सोय झाली. माणूस वाईट नव्हता. पण घडी दाबायची माझी पट्टी तिथल्या खणात राहिली, आणि ती आणायला जायचंही मला कोणी विचारलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी ते विसरले. आणि तेच मी या पोरीच्या बाबतीत केलं, कडेवर तिचंच लेकरू घेऊन.

चौथ्या दिवशी मी मुकादमला शेजारी ठेवलं आणि मॅनेजरच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, मी बोलले ते चुकलं. सुनेला विचारलं नव्हतं. ती ऑर्डर मागे घ्या."

तो तसाच गोड हसला. "काकू, ऑर्डर निघाली की निघाली. आणि खरं सांगू का? तुम्ही नसतं सांगितलंत तरी हे होणारच होतं. दिवसातून तीनदा वीस वीस मिनिटं सिस्टर वॉर्डातून गायब असतात. मी किती दिवस चालवून घेणार? खिडकीवर निदान दिसतील तरी."

म्हणजे अंगरखा आधीच शिवून तयार होता, त्याला टांगायला फक्त खुंटी हवी होती, ती मी झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ते लपवायला मी वर बघितलं, तर त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर मोठा रंगीत कागद. वर आई, मांडीवर बाळ, खाली ठळक अक्षरात, 'आईचं दूध हे बाळाचं पहिलं औषध. दर तीन तासांनी न चुकता.' त्याच्या खाली इस्पितळाचा शिक्का. मी तो कागद दोनदा वाचला आणि घरी आले.

सूनबाई आल्या आल्या मी सगळं सांगितलं. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर बसली. "काय म्हणाले? नेमका शब्द सांगा आई. 'गायब' म्हणाले?"

"गायब म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. आणि उठून कपाटातून पेन काढलं. मी तारीख पडताना बघितली आणि मला एकदम हुशारी वाटली.

आता हे चार्ज प्रकरण समजून घ्या. त्या इस्पितळात कोणतीही सिस्टर वॉर्ड सोडते तेव्हा तिच्या ताब्यातल्या गोष्टींची यादी करते आणि येणाऱ्या सिस्टरला एकेक दाखवते. दुसरीने प्रत्येक बाब स्वतः बघून, वापरून, तिच्यासमोर सही करायची. शेवटची सही होईपर्यंत पहिलीने वॉर्ड सोडायचा नाही. हा नियम सगळ्या सिस्टरांच्या वर असलेल्या मेट्रनबाईंचा. कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी न बघता सही केली होती आणि ऑक्सिजनचा सिलिंडर ऐन वेळी रिकामा निघाला होता. तेव्हापासून मेट्रनबाई एकच वाक्य म्हणतात, न बघता सही करणारी नर्स मला दाखवू नका. मॅनेजर येतात आणि जातात, मेट्रनबाईंचा नियम हलत नाही.

एरवी ही यादी बावीस बाबींची असते. ट्रे, कात्र्या, थर्मामीटर, वजनकाटा. सूनबाई तीन दिवस लिहीत होती, जेवताना, बसमध्ये, मुकादमला मांडीवर आडवी घेऊन. मी डोकावून वाचायचे. पहिल्या बावीस बाबी त्याच. मग तेविसावी, 'पाच नंबरच्या पेटीचं दार उचलून लावावं लागतं, नुसतं ढकललं तर लागल्यासारखं वाटतं पण लागत नाही.' एकतिसावी, 'शीर दिसत नसेल तेव्हा बाळाचा हात आपल्या तळहातात दोन मिनिटं धरून ठेवणं. घाई करू नये.' चव्वेचाळिसावी, 'बाळाच्या वडिलांना पहिल्या दिवशी पेटीजवळ खुर्ची देणं. ते उभे राहिले तर पडतात.' एकूण एकसष्ट बाबी. मुलगा वाचून म्हणाला, "हे कोणी सही करेल?" ती म्हणाली, "शिकेल आणि करेल. चांगलंच आहे ना?"

तिच्या जागी येणारी सिस्टर अगदी नवी, बावीस वर्षांची. आवाज इतका बारीक की वॉर्डात तिला सगळे चिमणी म्हणतात. पण चिमणी प्रामाणिक निघाली. मेट्रनबाईंच्या शब्दाची भीती, आणि सूनबाईबद्दल आदर, दोन्ही होतं तिला. शीर शोधायच्या बाबीवर ती सहा दिवस सही करेना. सातव्या दिवशी पहिल्या टोचणीत शीर मिळाली, तेव्हा ती बाहेर येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि रडली. मगच सही केली. एक तारीख आली आणि गेली. चौकशीची खिडकी रिकामी, खाली रांग जिन्यापर्यंत. मॅनेजरचे वॉर्डात फोन यायला लागले. सूनबाई फोनवर नम्रपणे सांगायची, "सर, एकोणपन्नासाव्या बाबीवर आहोत."

आणि मग अठ्ठावन्नावी बाब आली. ती मला तोंडपाठ आहे. 'चादरींची खोली. नऊ, बारा, तीन. ज्या आयांना दूध येत नाही त्यांच्यासोबत बसून स्वतः दूध काढणं. सध्या सात आया.'

चिमणीने वाचलं आणि कानापर्यंत लाल झाली. त्या बिचारीचं अजून लग्नही ठरलेलं नव्हतं. तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग मुंगीएवढ्या बारीक अक्षरात सहीच्या जागी लिहिलं, 'बाब पाहिली. ताब्यात घेऊ शकत नाही.'

दुसऱ्या दिवशी बाराला मी मुकादमला आत देऊन नेहमीसारखी स्टुलावर बसले होते. आत सातजणी आणि सूनबाई. तेवढ्यात मॅनेजर स्वतः तिसऱ्या मजल्यावर आला. आज हसू नव्हतं, हातात ती यादी होती. "काय चाललंय आत?" असं म्हणत त्याने दाराला हात घातला.

मी उठले नाही. माझी पाठ दाराला होती, ती आणखी टेकवली. म्हटलं, "साहेब, या दाराला आतून कडी नाही. कडी मी आहे."

"काकू, बाजूला व्हा. हे इस्पितळ आहे."

"तेच तर. आत बायका दूध काढतायत. वीस मिनिटं लागतात. तुमच्या भिंतीवर लिहिलंय बघा, न चुकता."

चिमणी हातात ट्रे घेऊन खांबासारखी उभी. आणि जिन्याकडून मेट्रनबाई आल्या, सावकाश, गुडघा दुखतो त्यांचा. त्यांनी मॅनेजरच्या हातून यादी घेतली, चष्मा लावला आणि अठ्ठावन्नावी बाब वाचली.

"ही काय बाब झाली?" मॅनेजर म्हणाला. "हे काम आहे? ही त्यांची खासगी सोय आहे. आणि ती मी रेकॉर्डवर गैरहजेरी म्हणून लिहिली आहे."

मेट्रनबाईंनी चिमणीला दुधाची वही आणायला सांगितली. त्या वॉर्डात कोणत्या आईने किती दूध दिलं ते रोज लिहितात. त्यांनी पानं मागे उलटली, पुढे उलटली. "सिस्टर रजेवर होती तेव्हा नऊजणींपैकी तिघींचं दूध बाळाला पुरत होतं. आता आठजणींपैकी सातजणींचं पुरतंय. हे तुमच्या गैरहजेरीच्या वेळेत झालंय."

तेवढ्यात माझ्या पाठीला आतून टकटक झाली. मी स्टूल सरकवलं. दार उघडलं आणि सूनबाई बाहेर आली, मुकादम खांद्यावर, पोट भरून डुलक्या घेत असलेली. मागून एकेक करून सातजणी आल्या, प्रत्येकीच्या हातात बाटली, बाटलीवर चिकटपट्टी आणि पेटीचा नंबर. चार नंबरवालीची बाटली गळ्यापर्यंत भरली होती. ती मॅनेजरसमोरून गेली तेव्हा तिने बाटली जरा वरच धरली. मी बघितलं.

सूनबाई म्हणाली, "सर, तुम्ही मला वीस मिनिटं गायब लिहिलंत. मी कुठे होते ते या सगळ्यांना माहीत आहे. मी खिडकीवर बसले तर मला माहितीसुद्धा नीट देता येणार नाही. कोणी विचारलं, इथे आईच्या दुधाबद्दल कोण सांगतं, तर मी काय सांगू? की ती सिस्टर आता इथे काचेमागे बसते, दिसावी म्हणून?"

मॅनेजर म्हणाला, "पण विनंती तुमच्याच घरून आली होती. ऑर्डरमध्ये तसं आहे."

ह्याचीच मी वाट बघत होते. मी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. इतक्या वर्षांनी घातलेली घडी, पण केसभर हलली नव्हती. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं, मी ती ड्युटीवर असताना लिहिला होता, तिच्याच पेनाने, उजव्या कोपऱ्यात तारीख घालून. मी उभी राहिले आणि वाचला.

"मी, या सिस्टरची सासू, लिहून देते, की बसून करायच्या कामाची विनंती मी केली होती. ती सुनेला न विचारता केली, म्हणून ती आमच्या कुटुंबाची नाही, ती माझ्या एकटीची चूक आहे. ती मी मागे घेते. माझ्या सुनेचे पाय दुखतात हे खरं आहे. ते आमचं घर बघून घेईल. तिचे हात तुम्ही तिच्या वॉर्डातच ठेवा."

मेट्रनबाईंनी माझा कागद घेतला, यादीला टाचला, आणि ऑर्डरवर आडवं लिहिलं, 'चार्ज अपूर्ण. पूर्ण होईपर्यंत सिस्टर वॉर्डातच राहतील.' खाली सही, तारीख.

"किती दिवस?" मॅनेजरने विचारलं.

"अठ्ठावन्नावी बाब ताब्यात घेणारी सिस्टर पाठवा," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझी हरकत नाही. फक्त बाब बघूनच सही होईल."

तो खाली गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिन्याच्या पहिल्या वळणावर पोहोचेपर्यंत वॉर्डात कोणी हसलं नाही, हे त्या बायकांचं मोठेपण. मुकादमने मात्र तेवढ्यात दणदणीत ढेकर दिली.

त्या दिवशी मी चारपर्यंत थांबले, आणि घरी जाताना बसमध्ये सूनबाई माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "आई, 'क्षमस्व' नाही लिहिलंत कुठे, 'कृपया' नाही, 'नम्र विनंती' नाही. चांगलं लिहिता की तुम्ही." मी म्हटलं, "आधी भांडी घासून घेतली होती." ती हसली, आणि घरी गेल्यावर स्वतःहून म्हणाली, "आई, गरम पाणी द्या ना पायांना." इतक्या दिवसांनी ते मागणं ऐकून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पातेलं चुलीवर ठेवलं आणि चटकन तोंड फिरवलं.

बदली रद्द झाली असं समजू नका. ऑर्डर अजून तशीच आहे, फायलीत, जिवंत. मुकादम आता दहा महिन्यांची झाली, वरचं खाते, दूध कमी मागते. कधीतरी ते थांबेल, आणि मॅनेजर त्याच दिवसाची वाट बघत असणार. पण सूनबाईही काही हात बांधून बसलेली नाही. वॉर्डात नवं काही कळलं की ती यादीत चढवते. बासष्टावी बाब एका जुळ्यांची, दोघांना एकाच पेटीत ठेवलं की श्वास सुधारतो. त्रेसष्टावी चिमणीने स्वतः सुचवली. यादी संपली तर चार्ज संपेल ना?

गेल्या आठवड्यात खालून सुतार आला आणि त्याने चादरींच्या खोलीला आतून कडी बसवली. मॅनेजरने पाठवला होता, सोय म्हणून. आयांनी दोनदा लावून बघितली, उघडून बघितली, छान लागते. मी स्टुलावरून उठले. म्हटलं, चला, इथेही आपली पट्टी खणात राहिली.

सूनबाईने खिशातून यादी काढली. पेनाचं टोपण मागे लावलं आणि तिथेच, दाराला कागद टेकवून, माझ्यासमोर चौसष्टावी बाब लिहिली. 'चादरींच्या खोलीचं दार. आतून कडी बसवली आहे. तरीही बाहेरचं स्टूल हलवू नये, ते सासूबाईंचं आहे.'